पेटीवर दोन्ही हात

एकोणीसशे साठच्या सुमाराची गोष्ट. एका रविवारी सकाळी बंगळूरला, मल्लेश्वरमच्या आमच्या घरी मला बघायला मंडळी आली होती... आमच्यासारखीच बेळगावकडची. मुलगा इथल्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन.

सगळं जुळत होतं, एक सोडून. मुलगा शनिवारी कँटोनमेंटच्या एका हॉटेलात पियानो वाजवायचा, तोही जॅझ! मिशनच्या शाळेत फादरकडे पियानो शिकलेला, जॅझ मात्र रेडिओला कान लावून उचललेलं. माझ्या वडिलांना, अण्णांना, हॉटेल म्हटलं की फक्त दारू दिसायची.

पोहे झाले. मग अर्थातच, "मुलगी गाते ना?" पेटीची साथ करणारे मास्तर तापाने आडवे पडलेले. मुलाची आई म्हणाली, "हा वाजवेल की."

तो बसला आणि सवयीने दोन्ही हात पट्ट्यांवर ठेवले... आवाजच नाही! पेटीला एका हाताने भाता हलवावा लागतो, हे पियानोवाल्याच्या ध्यानातच आलं नाही. सगळे खो खो हसले, त्याचे कान लाल.

मला फार वाईट वाटलं. मान खाली घालून बसायचं सोडून मी पुढे सरकले आणि समोरून भाता हलवू लागले. गाणं माझं नेहमीचंच भावगीत, पण त्याच्या डाव्या हाताने खालून असे काही सूर भरले की मी पुढचं कडवंच विसरले.

गाणं संपल्यावर अण्णा आपल्या कानडीमिश्रित मराठीत म्हणाले, "मुलगा पसंत आहे. पण स्वल्प स्पष्टच बोलतो... लग्नानंतर हॉटेल बंद."

तो पट्ट्यांकडे बघत "हो" म्हणाला. मी पेटीचा भाता बंद केला आणि म्हणाले,

"मग माझा नकार आहे, अण्णा."

बघायच्या कार्यक्रमात मुलगी असं बोलत नाही हो! आई दारातच थिजली. शेवटी अण्णाच मान हलवून म्हणाले, "सरी, बरं तर. वाजवू दे."

लग्न झालं, 'तो'चे 'हे' झाले. हॉटेलांत बँड होते तोवर हे वाजवत राहिले, पुढे घरी शिकवण्या घेतल्या. नाव फार झालं नाही, पण पियानोवर बसले की चेहरा उजळायचा...

एकदा विचारलं, त्या दिवशी इतक्या पटकन हो कसं म्हणालात? म्हणाले, "तू आणि पियानो, दोन्ही मिळतील असं वाटलंच नव्हतं गं."

आता हे नाहीत. पण हे वाक्य आठवलं की माझ्या त्या आगाऊपणाचे मीच आभार मानते.