मी गाळत आलेलं स्तोत्र

हे लिहावं की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. आमच्या चर्चच्या मंडळीत साक्ष देताना, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगताना, लोक हळू आवाजात बोलतात आणि शेवटी डोळे पुसतात. माझ्या साक्षीत मात्र रागच जास्त आहे. तो वगळून लिहायला बसले तर हातात काही उरत नाही. म्हणून तो ठेवूनच लिहिते.

माझे पप्पा फौंड्रीत काम करायचे. गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर एका ओल राहिलेल्या साच्यात रस ओतताना तो उसळला आणि त्यांच्या तोंडावर आला. रस म्हणजे वितळलेलं लोखंड. त्यांच्या गॉगलचा पट्टा आठवडाभर तुटलेला होता. नवा मागितला तेव्हा "आजच्या दिवस भागवा" एवढंच उत्तर मिळालं होतं. डावा डोळा गेला. उजव्याचं ऑपरेशन लवकर केलं तर थोडंफार दिसू शकेल, असं सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या. पप्पांनी नकार दिला. "काय बघायचं ऱ्हायलंय आता," एवढं बोलले आणि भिंतीकडे तोंड करून पडले, ते पाच दिवस. आई घास घेऊन गेली की ओठ मिटून घ्यायचे. तिसऱ्या दिवसापासून सलाईनवरच होते.

मंडळीतले लोक रोज आमच्या बावड्याहून बस पकडून यायचे. प्रेमानेच यायचे, हे आज मला कळतं. पण त्या वेळी त्यांच्या तोंडून 'आशा' हा शब्द आला की माझ्या अंगाची आग व्हायची. आमच्या शेजारच्या शांतामावशींनी मला लहानपणी प्रार्थना शिकवली. त्या माझा हात धरून म्हणाल्या, "आशा सोडू नगंस बाळ. प्रभूची कायतरी योजना आसंल."

"कसली योजना, मावशी? पट्टा तुटायची?" मी म्हणाले. आईने मला चिमटा काढला. मी हात सोडवून घेऊन जिन्यात जाऊन बसले. मी प्रार्थना करत नव्हते. देवाशी बोलायचीच माझी इच्छा नव्हती.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. पप्पा दुसरीतून शाळा सोडून कामाला लागले, त्यांना वाचता येत नाही. मी दहावीत असल्यापासून रोज सकाळी ते कामावर निघण्याआधी मी त्यांना शास्त्रातलं, म्हणजे बायबलमधलं, एक स्तोत्र वाचून दाखवायची. ते डबा मांडीवर घेऊन ऐकायचे. वाचून झालं की ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारी चर्चमध्ये मिळालेली वाळकी झावळी ते स्वतःच्या हाताने त्या पानात ठेवायचे, म्हणजे उद्या तिथून पुढे. क्रमाने सगळी संपली की पुन्हा पहिल्यापासून. पण मी सगळी वाचत नव्हते. दहावीत असताना एका सकाळी असं एक स्तोत्र समोर आलं की ज्यात माणूस नुसता ओरडतो. देवा, तू तोंड का फिरवलंस म्हणून विचारतो. सोबती गेले म्हणून रडतो आणि शेवटपर्यंत त्याला काही उत्तर मिळत नाही. अंधारातच ते संपतं. पप्पा भट्टीपुढे उभे राहायला निघालेत, त्यांना हे कशाला ऐकवायचं, असं वाटून मी दोन पानं एकदम उलटली. त्यांना कळलं नाही. मग ती सवयच झाली. गोड, धीर देणारी तेवढी वाचायची, बाकीची गाळायची. याला मी त्यांची काळजी म्हणत होते. न शिकलेल्या माणसाला किती पेलेल हे आपण ठरवायचं, हा शिकलेल्यांचा माज माझ्यात कधी शिरला, माझं मलाच कळलं नाही.

सहाव्या दिवशी डॉक्टरबाई स्पष्टच बोलल्या. उद्या सकाळपर्यंत होकार मिळाला नाही तर उजव्या डोळ्याचंही काही करता येणार नाही. आई कॉटच्या पायथ्याशी बसून राहिली. चार वाजता भेटीची वेळ झाली आणि शांतामावशी आणखी दोघींना घेऊन आल्या. त्यांनी एक गीत म्हटलं. पप्पा हलले नाहीत. मग मावशी मला म्हणाल्या, "बाळ, ते 'परमेश्वर माझा मेंढपाळ' वाच. त्येनं धीर येतोय."

मी शास्त्र उघडलं. झावळी अपघाताच्या दिवशीच्या पानात तशीच होती. मी ती बाजूला काढली आणि इतकी वर्षं गाळलेलं ते स्तोत्र शोधून काढलं. माझा हेतू चांगला नव्हता, हे मी लपवणार नाही. मला त्या सगळ्यांना गप्प करायचं होतं. खरं म्हणजे देवालाही. त्याच्याच पुस्तकातलं त्याच्या तोंडावर वाचायचं होतं. मी मोठ्याने वाचायला लागले, वॉर्डातल्या शेवटच्या कॉटपर्यंत आवाज जाईल इतक्या मोठ्याने. "ह्ये नव्हं गं," मावशी मध्येच पुटपुटल्या. मी थांबले नाही. शेवटची ओळ वाचली आणि पुस्तक हातात धरून उभी राहिले.

पलीकडच्या कॉटवर गडहिंग्लजकडचे एक म्हातारे शेतकरी होते. कपाळावर विभूतीचे पट्टे, एका डोळ्यावर पट्टी. सगळा वॉर्ड त्यांना अज्जा, म्हणजे आजोबा, म्हणायचा. ते एकदम मोठ्याने म्हणाले, "पुढं वाच की. का थांबलीस?"

"संपलं, अज्जा."

"संपलं? आसं मधीच?"

"इथंच संपतं."

ते कॉटवर माझ्याकडे वळून बसले. मग म्हणाले, "ह्यो मानूस खरा हाय बघ. आमी बी महादेवाला आसंच बोलतोय. शिव्या सुदीक देतोय. त्यो कुठं जातोय?"

आणि तेव्हा भिंतीकडून आवाज आला. पाच दिवस न वापरलेला, खरखरीत.

"हे तू कधी वाचलं न्हाईस."

पप्पा कुशीवर वळले होते. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या, पण तोंड माझ्याकडे होतं. "मी गाळायची, पप्पा," मी म्हणाले. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"मला वाईट वाटंल?" ते उठून बसायला लागले. आई धावली, त्यांनी तिचा हात झटकला. "वीस वरीस भट्टीम्होरं उभा ऱ्हायलोय मी. आनि तू मला वाईट वाटंल म्हनून लपवतीस? मला वाटलं देवाला आसलं बोलायचंच नसतंय. त्येच्याम्होरं चांगलंच बोलायचं. चांगलं काय सुचंना, म्हनून गप पडलोय पाच दिस!"

मला आजवर कोणी इतकं खरं सुनावलेलं नाही. त्यांच्याकडे शब्द नव्हते, आणि ते मीच त्यांच्यापासून दूर ठेवले होते. त्यानंतर पप्पा जे काही बोलले ते मी इथे लिहिणार नाही. ते माझ्याशी नव्हतं, देवाशी होतं. त्यात साच्याची ओल होती, पट्टा होता, माझं कॉलेज होतं. सिस्टर धावत आल्या. शांतामावशींनी त्यांना हाताने थांबवलं आणि म्हणाल्या, "बोलू द्या त्यास्नी." मावशींबद्दलचा माझा राग तिथे निम्मा झाला. पप्पा थकून गप्प झाले तेव्हा अज्जांनी आपल्या डब्यातली कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आईच्या हातात दिली. "घ्या पावणं, खावा आता. भांडायला बी ताकद लागतीया."

पप्पा हसले नाहीत. पण त्यांनी तोंड उघडलं. आईने भाकरी दुधात कुस्करून भरवली. अर्धी भाकरी झाल्यावर त्यांनी माझ्या दिशेने हात पुढे केला. मला आधी कळेना. मग मी झावळी त्यांच्या बोटांत दिली आणि पान समोर धरलं. त्यांनी चाचपून ती आत ठेवली आणि म्हणाले, "उद्या पुढचं वाच."

एवढंच. पण ज्या माणसाला उद्याच नको होता, त्याच्या तोंडून तो शब्द आला होता. सकाळी डॉक्टरबाई आल्या तेव्हा पप्पांनी कोणी न विचारताच होकाराच्या कागदासाठी अंगठा पुढे केला.

ऑपरेशननंतर उजव्या डोळ्याला उजेड कळतो, खिडकीचे गज कळतात, दारात कोण उभं आहे ते उंचीवरून कळतं. तेवढंच दिसतं. काहीजण याला चमत्कार म्हणतात, मी वाद घालत नाही. त्या तुटक्या पट्ट्याचा राग अजून माझ्यात आहे. फरक एवढाच की आता तो घेऊन मी जिन्यात जाऊन बसत नाही. ज्याच्यावर आहे त्याच्यापुढेच बसते. स्वतःला सोपवणं म्हणजे राग आवरून, तोंड धुऊन देवापुढे जाणं असं मला वाटायचं. आपल्यात जे आहे ते न गाळता त्याच्या हाती द्यायचं असतं, हे मला वाचता न येणाऱ्या माझ्या वडिलांनी शिकवलं, आणि कपाळाला विभूती लावणाऱ्या एका अनोळखी अज्जांनी. दोघांना तिथे कोणी आणून ठेवलं, हे मला ठाऊक आहे. त्याचे आभार मानताना माझा आवाज अजून थोडा चढतो. त्याला चालत असावं.

आम्ही पुन्हा रोज सकाळी वाचतो. आता मी एकेकच पान उलटते. ते स्तोत्र मध्यंतरी क्रमाने पुन्हा आलं. मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. पप्पांनी झावळीसाठी हात पुढे केला.

"उद्या पुढचं," ते म्हणाले.