रिकामं पाकीट

फोन आला तेव्हा मी दवाखान्याखालच्या मेडिकलमध्ये इंजेक्शनच्या खोक्यावरची तारीख तपासत होतो. भाचा एवढंच म्हणाला, "मामा, वर या." खोकं काउंटरवर तसंच ठेवून मी जिना चढलो… सुनंदाला जाऊन आता दोन महिने होतील.

सुनंदा माझी पत्नी. आमच्या युसूफ वडगाव या गावातल्या शाळेत ती विज्ञान शिकवायची. मी गावच्या शेतकरी सोसायटीत हिशेब लिहितो. शाळा सुटली तरी तिचं शिकवणं सुटत नसे. आमच्या गल्लीतली बरीच घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, आणि जाताना घरोघरच्या उरलेल्या गोळ्या एका पिशवीत बांधून नेतात. उसाच्या फडावर डॉक्टर कुठला? ताप कुणालाही येवो, त्यातलीच एक द्यायची. ती पिशवी दिसली की सुनंदा ओट्यावर वर्ग भरवायची. अँटिबायोटिक म्हणजे काही एकच औषध नव्हे, ती सांगे. पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं जंतूला त्याची भिंत नीट बांधू देत नाहीत. कच्च्या भिंतीतून पाणी आत शिरतं आणि तो फुटतो. आपल्या पेशींना तशी भिंतच नाही, म्हणून आपल्याला धक्का लागत नाही. डॉक्सीसारखी औषधं जंतूचं प्रथिनं बनवणं थांबवतात. त्याची वाढ खुंटते, मग आपलं शरीर त्याला आवरतं. सिप्रोसारखी त्याच्या आतला, पुढच्या पिढीला द्यायचा धागाच तोडतात. "आणि सर्दीच्या विषाणूला भिंतच नाही. पाडणार काय, कपाळ?"

"पण बाई, ताप उतरल्यावर गोळी कावून खायची?" शेजारच्या कौसाबाईनं एकदा विचारलं.

"वावर खुरपताना वरवरचं गवत काढून हरळी तशीच ठेवतीस का गं?"

"मालक हाणील की!"

"मग? ताप उतरला म्हंजी कच्चे जंतू मेले. दांडगे हायेत अजून."

तिचा नियम असा, की डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या संपल्या की रिकामं पाकीट तिला दाखवायचं, मगच चहा. त्यातून मीही सुटलो नव्हतो. "अहो, दाखवा बघू," म्हणत ती पाकीट खिडकीतल्या उजेडात धरायची.

मग तिच्याच मूत्रपिंडाला संसर्ग झाला. गावातल्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांनी ताप हटेना, तेव्हा त्यांनीच त्या अर्ध्यावर थांबवून तिला बीडच्या दवाखान्यात हलवलं. कोणतं औषध लागू पडेल त्याचा रिपोर्ट आला. बहुतेक नावांपुढं 'आर' होतं, म्हणजे जंतू दाद देणार नाही. सलाइन लावलेल्या हातानं ती एकेक ओळ खाली सरकत गेली. "भिंतवाली गेली… धाग्यावाली गेली… लई हुशार निघाला."

"तू तर कधी अर्ध्यावर सोडलं नाहीस," मी म्हणालो. माझ्या हिशेबात ते बसतच नव्हतं.

"अहो, जंतू काय घर बघून येतात? कुणीतरी कुठंतरी सोडलेले… फिरत फिरत माझ्याकडं आले."

यंदाही गल्ली निघाली. जायच्या आदल्या दिवशी कौसाबाई दारात आली. "दादा, बाईंच्या गोळ्या उरल्यात म्हणं. वाया कावून घालवायच्या? फडावर कामाला येतील."

"नाही द्यायच्या, कौसाबाई."

पदर डोळ्यांना लावत ती म्हणाली, "बाई असत्या तर आधी वरडल्या असत्या."

आता गल्लीत दारोदार कुलपं आहेत. दर हिवाळ्यात असतात, पण तेव्हा आम्ही दोघं असायचो. त्या गोळ्या घरात ठेवायच्या नाहीत, हा तिचाच नियम. पण त्या घरातून काढायला हात होत नव्हता. पाकिटावर तिच्या बोटांनी फोडलेल्या जागा होत्या. शेवटी उरलेल्या चार गोळ्या पाकिटातून काढून मेडिकलवाल्याकडं नष्ट करायला दिल्या. पाकीट तेवढं खिडकीत ठेवलं.

संध्याकाळी मी ते उजेडात धरून बघतो. रिकामं दिसतं. पण या गोळ्या खाऊन संपलेल्या नाहीत, हे तिनं माझ्या तोंडाकडं बघून ओळखलं असतं… चहा ठेवायचं अजून जमलेलं नाही.