दाजींचे चौकोन

आमच्या दाजींइतकी नातीगोती जाणणारा आणि तरीही एकाही नातेवाइकाला न ओळखणारा माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे यजमान, इंदिरानगरात दवाखाना असलेले यकृताचे डॉक्टर. त्यांच्या लेखी जगात पुरुष म्हणजे चौकोन आणि बाई म्हणजे वर्तुळ. लग्न म्हणजे दोघांमधली आडवी रेघ. मामाच्या मुलीशी लग्न असेल तर दुहेरी रेघ. माणूस गेला की त्याच्यावर तिरका फराटा, आणि यकृताचा वंशगत आजार असला की चौकोन आतून काळा. ही चित्रलिपी म्हणे जगभरचे जनुकशास्त्रज्ञ वापरतात. पण नवरानवरी बोहल्यावर उभे असताना लग्नपत्रिकेच्या पाठीवर ती वापरणारे दाजी एकटेच. एखादे चुलतमामा समोर येऊन उभे राहिले की दाजी त्यांच्याकडे नुसते बघत राहायचे आणि मग एकदम त्यांचा चेहरा उजळायचा. "हां हां! तिसरी ओळ, डावीकडून दुसरा चौकोन!" मामा बिचारे पंगतीत जाऊन बसायचे.

हे वेड कुठून आलं ते आधी सांगतो, नाहीतर दाजी नुसतेच विक्षिप्त वाटतील. दाजींचे थोरले भाऊ, अण्णा, लासलगावला कांद्याचे लिलाव पुकारायचे. गळा असा की ट्रॅक्टरच्या रांगेच्या शेवटच्या माणसाला पहिल्या ट्रॉलीचा भाव तिथूनच कळायचा. तिशीच्या आतच त्यांची जीभ जड झाली, हात थरथरायला लागले, पुढे पोट फुगलं, डोळे पिवळे पडले. लोकांनी निदान करून टाकलं, की हा सकाळी सकाळीच लावून येतो. अण्णांनी जन्मात दारूला शिवलं नव्हतं. पण ते सांगायला जावं तर जीभ अडखळायची, म्हणजे तोही पुरावाच. त्यांचं पुकारणं बंद झालं आणि वर्षभरात ते गेले. दाजी तेव्हा डॉक्टरकी शिकत होते. तिरडीमागून चालताना कोणीतरी "दारूनं खाल्ला" म्हणालं, ते त्यांनी ऐकलं. पुढे पुस्तकात त्यांना एक आजार सापडला. अन्नातलं तांबं बाहेर न पडता यकृतात आणि मेंदूत साठत जातं. आईकडून एक आणि बापाकडून एक अशी दोन्ही जनुकं सदोष आली की तो होतो, आणि लवकर कळला तर त्यावर औषध आहे. सगळी लक्षणं अण्णांची. त्या दिवसापासून दाजींना एकच गोष्ट सिद्ध करायची होती, की आपला भाऊ दारुडा नव्हता.

या आजारात बऱ्याचदा बुबुळाच्या कडेला तपकिरी कडं दिसतं. त्यामुळे दाजींच्या खिशात कायम छोटी बॅटरी, आणि माणसाचं नाव विचारायच्या आधी त्याच्या डोळ्यांत उजेड. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा पोह्यांच्या बशा हातात आल्या, मुलगी येऊन बसली, आणि दाजी उठले. "जरा वर बघ, बेटा. आता खाली." मुलीच्या वडिलांना वाटलं, मुलगी तिरळी असल्याची शंका घेताहेत; ते लालबुंद झाले. दाजी शांतपणे म्हणाले, "डोळे उत्तम आहेत. तुमच्या सासूबाईंच्या माहेरी कावीळ कोणाला झाली होती?" धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. तेवढ्यात मुलीनं हात पुढे केला. "बॅटरी द्या इकडं. आता मी तुमच्या मेव्हण्याचे डोळे बघते." आमचं लग्न तिथंच ठरलं. आमच्या पत्रिकेच्या पाठीवरही एक चौकोन आणि एक वर्तुळ आहे. "एकेरी रेघ," असं दाजी अजून समाधानानं सांगतात.

त्या काळात माझं नाशिकच्या द्वारका चौकात एसटीडी-आयएसडीचं बूथ होतं, फॅक्स आणि झेरॉक्ससकट. जर्मनीतल्या एका प्राध्यापक बाईंचा याच आजारावरचा लेख वाचून दाजींनी त्यांना पत्र धाडलं, बाईंचं उत्तर माझ्या फॅक्सवर आलं, आणि माझं दुकान आंतरराष्ट्रीय संशोधनाचं कार्यालय झालं. बाहेरच्या फोनवर ट्रकवाले "माल पहुँचा क्या?" म्हणून इंदूरपर्यंत ओरडायचे, आणि काचेच्या खोक्यात दाजी जर्मनीशी कुजबुजायचे. रुग्णाचं नाव-गाव गुप्त ठेवायचं, हा संशोधनाचा नियम. दाजी तो इतका पाळायचे की नुसता क्रमांकही हलक्या आवाजात सांगायचे. "फॅमिली फोर," दाजी पुटपुटायचे. तिकडून बाई "हॅलो? हॅलो?" करायच्या. शेवटी मी बाहेरून ओरडायचो, "दाजी, जर्मनी लांब आहे, जरा मोठ्यानं!" ते दार किलकिलं करून मलाच दटावायचे, "हळू! पेशंटचा विषय आहे." रक्ताचे नमुने मुंबईच्या एका प्रयोगशाळेत जायचे आणि दिल्लीहून सरकारी परवानगी आली की तिथून पुढे जर्मनीला. मुंबईपर्यंत दाजी ते स्वतः बर्फाच्या थर्मासमधून एसटीनं न्यायचे. एकदा कंडक्टरनं विचारलं, "काय डॉक्टर, आइस्क्रीम का?" दाजी त्याच्या कानाला लागले. "क्रमांक चार ते सात." तो बिचारा इगतपुरीपर्यंत मागं फिरकला नाही.

बाईंना नुसतं रक्त पुरत नव्हतं, चार-पाच पिढ्यांच्या वंशावळी हव्या होत्या, आणि लोक आजोबांच्या पलीकडे अडायचे. ताई एकदा जेवताना वैतागून म्हणाली, "मग रामकुंडावर जा की. उपाध्यायांच्या वह्या कशाला आहेत?" दाजी भरल्या ताटावरून उठले. गोदाकाठच्या तीर्थोपाध्यायांकडे घराण्याघराण्यांच्या नामावळ्या असतात; कोण कधी आलं, कोणाचे विधी केले, मुलं किती, हे यजमानानं स्वतःच्या हातानं लिहिलेलं. दाजी त्या त्या घरच्या माणसाला घेऊन जायचे आणि वही मांडीवर घेऊन चौकोन काढायचे. पण वहीत सगळे चौकोनच. वर्तुळांची माहेरं दुसऱ्या उपाध्यायांच्या वहीत, आणि त्या दोघांचं आपसात वाकडं. जर्मनी आणि नाशिकचं सहकार्य तीन फॅक्समध्ये जमलं होतं. शेजारशेजारच्या या दोन ओसऱ्यांचं जमायला तीन वर्षं लागली.

बाई एकदा वह्या बघायला स्वतः आल्या. उपाध्यायांनी त्यांना बसायला दिलं आणि रीतसर विचारलं, "आजोबांचं नाव?" बाईंनी सांगितलं. "पणजोबांचं?" बाईंनी खांदे उडवले. "एवढी शिकलेली बाई, आणि पणजोबाचं नाव ठाऊक नाही?" दाजी याचं भाषांतर करीनात; बाईंनी हट्टानं करवून घेतलं. महिन्याभरानं फॅक्स आला. पणजोबांचं नाव, व्यवसाय पाव भाजण्याचा, आणि खाली एक ओळ, की कृपया उपाध्यायांना कळवावे.

अशी वर्षं गेली. नवं शतक लागलं, बूथात फॅक्सशेजारी कॉम्प्युटर आला. एका दुपारी जर्मनीहून जाड पाकीट आलं. निबंध छापून आला होता. वर कितीतरी देशांतल्या माणसांची नावं आणि त्यांत आमच्या दाजींचं. मी पेढे आणले. दाजी पानं उलटत उलटत एका चित्रावर थांबले. कुटुंब क्रमांक नऊ. त्यात एक काळा चौकोन, वर तिरका फराटा. आईच्या रक्तात एक दोष सापडला होता, धाकट्या भावाच्या, म्हणजे दाजींच्याच, रक्तात बापाकडून आलेला दुसरा. गेलेल्या भावाच्या वाट्याला बहुधा दोन्ही आले असणार, असं खाली म्हटलं होतं. "हे अण्णा," दाजी म्हणाले. नाव नाही, गाव नाही. नियमच तसा, आणि तो सगळ्यात कडक पाळणारे दाजीच. एवढी वर्षं खपून त्यांनी भावाला निर्दोष सोडवलं होतं, आणि तो भाऊ कोण हे कोणालाच कळणार नव्हतं. पेढा त्यांच्या हातात तसाच राहिला.

संध्याकाळी त्यांनी ते पान आपल्या आईला दाखवलं. मी तिथंच होतो. आईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांनी काळ्या चौकोनावरून बोट फिरवलं.

"ह्यात माझ्या अण्णाचं नाव कुठंय?"

"नाव लिहीत नाहीत, आई. गुप्त ठेवायचं असतं."

"लोकांनी त्याला दारुडा म्हटलं, ते काय गुप्त म्हटलं व्हतं का रं?"

आईंनी ते पान दाजींच्या हातात परत दिलं.

"तुझ्या कागदावर ठेव गुप्त. मला रामकुंडावर ने. लेक माझा हाय."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं गेलो. उपाध्यायांनी वही काढून अण्णांच्या नावावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "कोण कशानं गेलं, ते आम्ही लिहीत नाही." आई जागच्या हलल्या नाहीत. मग उपाध्यायांनीच पेन दाजींपुढे केलं. "यजमानांनी लिहिलं तर मी कोण अडवणार?" दाजींनी लिहिलं. आता डॉक्टरांचं अक्षर ते! शंभर वर्षांपूर्वीची मोडी घडाघडा वाचणारे उपाध्याय वही जवळ धरून, लांब धरून थकले. "तुम्हीच वाचा," म्हणाले. दाजी सवयीनं पुटपुटले.

"मोठ्यानं," आई म्हणाल्या. "अण्णा पुकारायचा तसं."

दाजींनी घसा खाकरला. आणि ज्या माणसाचा फोनवरचा आवाज मी काचेबाहेर कधी ऐकला नव्हता, त्यानं अण्णांचं पूर्ण नाव, बापाचं नाव, गाव, सगळं खणखणीत पुकारलं. "यांस यकृताचा वंशगत आजार होता. हे दारू पीत नव्हते!" धुणं धुणाऱ्या बाया हात थांबवून बघायला लागल्या. "परत," आई म्हणाल्या. लिलावात बोली तीनदा पुकारतात. दाजींनीही तीनदा वाचलं. तिसऱ्या वेळी त्यांचा आवाज फुटला, आणि मीही नदीकडे तोंड फिरवून उभा राहिलो.

बूथ कधीच बंद झालं. जर्मनीचे फॅक्स दाजींनी माझ्याकडे गठ्ठा बांधून ठेवले होते. त्या गुळगुळीत कागदांवरची अक्षरं उडून गेली आणि नुसती पांढरी पानं उरली. आईही गेल्या. दाजी अजून येतात, बॅटरी काढतात, पण हात हलतो म्हणून उजेड डोळ्यांऐवजी माझ्या कपाळावर पडतो. मी न सांगता वर बघतो, मग खाली. "वयामुळं थरथरतोय रे," ते हळूच म्हणतात. "उद्या कोणी काही बोललं, तर वहीत माझ्याही नावापुढं लिहून ठेव." मी "हो" म्हणतो, आणि मोठ्यानं म्हणतो, कारण हल्ली त्यांना कमी ऐकू येतं.