पीठ मस्कतला पोचेपर्यंत

ताईला दिवस गेल्याचं कळलं आणि आमच्या खालापूरच्या घरात पेढे यायच्या आधीच भांडण सुरू झालं. ताई मस्कतला. बाळंतपणाला आईनं तिथं यावं, एवढा एकच हट्ट तिनं धरला होता. आई म्हणाली, "मी नाय जायाची. पीठ पोचायचं नाय तिथवर."

पीठ म्हणजे वड्यांचं. आमच्या घरची रीतच तशी. लेकीच्या बाळंतपणाला जाताना आईनं पहाटे आपल्या घरी पीठ मळायचं, डब्यातून न्यायचं आणि लेकीच्या चुलीवर वडे तळायचे. वडे फुगले की सगळं सुखरूप होणार. पीठ वाटेतच आंबून गेलं, तर मग आईच्या जिवाला घोर.

मी चिडलो. आधीच तापट, त्यात हातात फोन. नकाशावर मुंबईपासून मस्कतपर्यंतची रेघ तिला दाखवली. दीड हजार किलोमीटर, विमानाला तीन तासही लागत नाहीत. किलोमीटर ऐकून ती आणखीच घाबरली.

"अगं, मामाकडे जाताना कर्जतला गाडी बदलतेस, कशेळ्याला जीप भरायची वाट बघतेस. तेवढ्यात विमान मस्कतला उतरतं!"

"मग इमान भरायची वाट नाय बघत व्हय?"

हसावं की डोकं आपटावं, कळेना. पण आई विचारात पडली होती. दुसऱ्या दिवशी पहाटेच तिनं पीठ मळलं, डब्यात भरलं आणि डबा कपाटावर ठेवला. विमानतळ गाठायचा, तिथं ताटकळायचं, उडायचं, उतरायचं, ताईच्या घरी पोचायचं, असा सगळा वेळ मला विचारून विचारून धरला आणि संध्याकाळी डबा उघडला. वडे टम्म फुगले. मी पोट दुखेपर्यंत खाल्ले.

"पासपोटाचं बघ रं," ती म्हणाली.

जायच्या दिवशी भावोजी मस्कतहून न्यायला आले होते. आई डबा मांडीवर ठेवणार होती. मीच शहाणपणा करून तो मोठ्या बॅगेत घातला आणि दिवसभर पस्तावलो. खाली सामानात थंडी असते म्हणे. पीठ फुललंच नाही तर? फोनवरच्या नकाशात आईचं पिटुकलं विमान समुद्रावरून सरकत होतं. खरं सांगतो, मला त्यात आई दिसत नव्हती, डबाच दिसत होता.

संध्याकाळी व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर नुसती कढई. आईच्या हातानं वडा तेलात सोडला. तो तळाला गेला आणि तिथंच बसला. माझ्या शेजारी वडील फोनवर वाकले. मग तो हळूच वर आला, एका बाजूनं उचलला आणि टम्म झाला.

"फुगला रं!" ताई ओरडली. ती एका हातानं पोट धरून हसत होती आणि रडतही होती. माझेही डोळे भरले, ते दिसू नयेत म्हणून मी फोन वडिलांकडे दिला.

तेवढ्यात आईचा घामेजलेला चेहरा पडद्यावर आला. "लांब नाय रं मस्कत," ती म्हणाली. "कशेळ्याची जीपच लय वेळ काढते."