आबांचे टाक आणि माझे रोमन

मी सांगलीच्या कॉलेजात प्राचीन रोम शिकवते, असं सांगितलं की समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. हळदीच्या पेठेत रोम कुणाला हवंय? मला हवं होतं, अजूनही आहे. संशोधनही त्यातच केलं: रोमन माणसाच्या घरातले देव. देवळातले बडे देव नव्हेत, चुलीजवळच्या कोनाड्यातले. त्या घराचे, त्या कुळाचे.

सुरुवातीला पोरं नुसत्या जांभया देत. एकदा वैतागून म्हटलं, "पुस्तकं मिटा आणि तुमच्या देवघरात काय आहे ते सांगा." अगं बाई, वर्ग असा काही बोलायला लागला! पलूसच्या एका मुलीनं टाक सांगितले: चांदीच्या पत्र्यावर उठवलेले कुळाचे देव, शिवाय लढाईत पडलेला पूर्वज, घोड्यावर बसलेला. एक जैन मुलगा म्हणाला, "मॅडम, आमच्यात टाक नसतात, पद्मावती असते." तास संपला तरी कुणी उठेना.

त्या वर्षी परीक्षेत निम्म्या वर्गानं लिहिलं की रोमन लोक दसऱ्याला देव चिंचेनं घासत आणि हळदकुंकू वाहत. कपाळ माझं! बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "हे कुठल्या ग्रंथात आहे?" मी म्हटलं, "ग्रंथात नाही सर, सांगलीत आहे."

सुट्टीत साताऱ्याकडच्या आमच्या गावी गेले तेव्हा हे आबांना सांगितलं. आबा म्हणजे माझे वडील. सैन्यातून सुभेदार होऊन आलेले, मग ऊस लावून बसलेले. ते हसलेच नाहीत. "मग चुकलं काय त्यात? चिंचंबिगर चांदी निघती व्हय?"

माझ्या रोमची त्यांना लय गोडी. तिथं निवृत्त शिपायाला जमीन मिळायची म्हटल्यावर त्यांचा पहिला प्रश्न, "पाण्याखालची का जिराईत?" आई भाकरी थापायची, आबा सुपारी कातरत ऐकायचे आणि मी चुलीपुढं बसून रोमन पलटणी हलवायची. एवढा मन लावून ऐकणारा विद्यार्थी मला पुन्हा मिळाला नाही. त्या संध्याकाळी आठवल्या की आजही गलबलून येतं.

आई गेली आणि आबा थकले. आमच्याही देवघरात टाक होते आणि त्यांची रोजची पूजा आबांकडे होती. रिवाज असा की देव मुलाकडे जातात. लेक लग्नानं दुसऱ्या देवांपुढं हात जोडते आणि त्या घरची होते. रोमन मुलीचंही बहुतेक तसंच होई, आणि लग्नानंतर माझंही तसंच झालं होतं. हे मी वर्गात किती थंड डोक्यानं शिकवलं असेल!

माझा भाऊ पुण्यात असतो. गेल्या दिवाळीला तो म्हणाला, "आबा, आम्ही दोघं कामावर. रोजची पूजा काय आमच्यानं व्हायची नाही. तुमच्यामागं देव कृष्णेत सोडू. लोक सोडतातच की." तो मनाचा वाईट नाही, खरं ते बोलला. पण आबांनी पुढ्यातलं ताट सरकवलं. त्या दिवसापासून त्यांचं एकच सुरू झालं, "माझ्यामागं देवाला पाणी कोण घालंल?"

मी घेते, असं अगदी ओठावर यायचं. पण लेकीनं देव मागायचे म्हणजे घरात वाटणी मागितल्यासारखं. गावानं तोंडात बोट घातलं असतं, भावजयीनं वेगळाच अर्थ काढला असता. एरवी वर्गात तासभर तोंड बंद नसणारी मी, तिथं मूग गिळून बसले. स्वतःचाच राग यायचा, आणि आबांकडे बघवायचं नाही.

मग एका सकाळी पूजा करताना त्यांच्या हातून तांब्या कलंडला. मी पाणी पुसत होते. ते म्हणाले, "पोरी, तुझ्या त्या रोमात पोरगं नसलं, न्हाईतर पोरानं न्हाई म्हटलं, तर देवाचं काय करीत?"

"दत्तक घेत, आबा. चांगला मोठा बाप्या सुद्धा दत्तक घेत. घरची पूजा बंद पडू नये म्हणून."

"परक्या घरचा?"

"व्हय. परक्या घरचाच."

त्यांनी टाक पुढ्यात ओढले. मग एकेक टाक धोतराच्या सोग्यानं पुसून माझ्या ओंजळीत ठेवू लागले. चांदी गार होती आणि मला समोरचं काही नीट दिसत नव्हतं.

"मग मी बी घेतो दत्तक," आबा म्हणाले. "परक्या घरची एक हाय माझ्या वळखीची."