भावासाठी खाली घेतलेली गाडी

माझ्या लहान भावाला स्नायू झिजण्याचा आजार आहे. कॉलेजात असताना तो जिन्यावर अडखळायला लागला आणि पंचविशीच्या आत चाकाच्या खुर्चीत बसला. हे पायांवर थांबणार नाही, हळूहळू वर चढेल, असं डॉक्टरांनी तेव्हाच सांगून ठेवलं होतं. किती हळू, ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. वडील गेल्यावर अमरावतीच्या घरात आम्ही तिघंच उरलो, आई, तो आणि मी. मी बडनेरा रोडवरच्या एका बियाण्याच्या गोदामात कामाला आहे. तो घरी बसून लग्नपत्रिका आणि दुकानांच्या पाट्या डिझाइन करायचा.

गाडी आम्ही त्याच्यासाठीच घेतली होती. सेकंडहँड, लहानशी, पण उंच बांध्याची. उंच गाडीत चढाउतरायला बरं पडतं, असं सगळ्यांनी सांगितलं होतं. गुडघे दुखणाऱ्यांना ते बरं पडतही असेल. आमच्याकडे मात्र खुर्चीची बैठक खाली आणि गाडीची सीट वर असा प्रकार झाला. मी त्याच्या काखेत हात घालून त्याला वर ओढायचो, आई पाय धरायची, आणि तो डोळे मिटून घ्यायचा. शेजारचे लोक मदतीला यायचे. भले लोक आहेत, पण चारजण मिळून एका तरण्या माणसाला उचलतात तेव्हा गल्लीतले बाकीचे थांबून पाहतात.

एकदा दवाखान्यातून परत आल्यावर तो मला म्हणाला, "दादा, तुमी मले उचलता ना, तवा मी सामान होतो."

मी म्हटलं, "मग काय करू? जाड गादी टाकून पाहू का खुर्चीत?"

"टाकून पाहिली. पाय लटकतात, तोल जाते. आन डोकं दाराले लागते."

त्याच्या डोक्यात वेगळंच काही चाललं होतं. त्याने इंटरनेटवर पाहिलं होतं की पाय नसलेली माणसं खुर्ची आणि सीट यांच्यामध्ये एक गुळगुळीत फळी ठेवतात आणि हातांच्या जोरावर स्वतःच सरकत आत जातात. पण त्यासाठी दोन्हीकडची उंची जवळजवळ सारखी पाहिजे. सीट वर असेल तर आत जाताना चढ लागतो, आणि चढ चढण्याइतका जोर त्याच्या हातांत नव्हता. खुर्ची तर वर करता येत नाही, मग गाडीच खाली घ्यायची, असं त्याचं म्हणणं होतं. शहरातली पोरं शोभेसाठी गाड्या खाली घेतात, जमिनीला चिकटलेल्या दिसाव्या म्हणून. आमची गाडी त्यासाठी नव्हती, पण लागणार होतं तेच सामान.

त्या हिवाळ्यात घरात दुसरा विषय नव्हता. तो दिवसभर पत्रिका करायचा आणि संध्याकाळी मी आलो की मला शिकवायचा. सगळ्यात चांगलं म्हणजे हवेवरचं सस्पेन्शन. बटण दाबलं की गाडी खाली बसते, रस्त्याला लागली की वर उठते. त्यावर त्याचं फार मन होतं. पण त्याची हवेची टाकी डिक्कीत बसवावी लागते, आणि आमच्या डिक्कीत त्याची खुर्ची जायची. ते तिथेच संपलं. दुसरा पर्याय कॉइलओव्हरचा, म्हणजे स्प्रिंग आणि धक्के झेलणारा शॉकअप असा एकत्र जोड. त्यात उंची कमी-जास्त करता येते, पण जॅक लावून, पान्याने. आमच्या गाडीचं ते बाहेरून मागवावं लागणार होतं, आणि ते फार कडक चालतं असं जो तो लिहीत होता. तिसरा म्हणजे आखूड स्प्रिंगा. शॉकअप तेच ठेवायचे, फक्त स्प्रिंगा बदलायच्या. गाडी दीड-दोन इंच खाली येते.

आमच्या नेहमीच्या गॅरेजवाल्याला मी विचारलं, तर त्याने हातातला कटर दाखवला. "स्प्रिंगचा एक वेढा कापून टाकतो. अर्ध्या घंट्याचं काम हाय."

घरी येऊन हे सांगितलं तर भाऊ हसला. कापलेली स्प्रिंग खड्ड्यात जागेवरून निसटू शकते, हे त्याला माहीत होतं. "आपल्याले मरायचं नाई ना एवढ्यात," तो म्हणाला. आई भाजी निवडत बसली होती, ती उठून आत गेली.

निवड करायला त्याला पूर्ण हिवाळा लागला. रोज एखादा नवा व्हिडिओ, नवी शंका. मी घाई केली नाही. त्याला स्वतः निवडता येतील अशा गोष्टी तशाही थोड्याच उरल्या होत्या. त्याच दिवसांत त्याने कॉम्प्युटरचा माऊस बदलून मागितला, हलका पाहिजे म्हणून. मी आणून दिला.

मग हिवरखेडहून मामाचा फोन आला. मामाच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, उन्हाळ्यात, गावातच. त्या लग्नाची पत्रिका भावानेच केली. आणि त्याने मनाशी ठरवून टाकलं की हिवरखेडला मंडपासमोर गाडीतून आपण आपल्या हाताने उतरायचं. ते त्याने उघड सांगितलं नाही, पण दुसऱ्याच दिवशी म्हणाला, "आखूड स्प्रिंगाच घेऊ. आता जास्त पाहत नाई."

स्प्रिंगा आल्या. अमरावतीत कोणी मनावर घेऊन बसवून देईना, म्हणून एका ओळखीच्याने अकोल्यातला एक मिस्त्री सुचवला. जुन्या शहराकडे त्याचं गॅरेज होतं, बापाच्या वेळचं. पन्नाशीचा मुसलमान माणूस, आवाज खालचा. त्याने स्प्रिंगा हातात घेऊन उलटसुलट पाहिल्या आणि मला विचारलं, "भाऊ, शौक म्हनून करून राहिले का?"

मी गाडीच्या खिडकीकडे बोट केलं. भाऊ आत बसला होता. मिस्त्री त्याच्याजवळ गेला, वाकून त्याच्याशी बराच वेळ बोलला. परत आल्यावर म्हणाला, "समजलं मले. पन सांगून ठेवतो, झटके लागतीन. स्प्रिंग आखूड झाली का दबायले जागा कमी राहते. हायवेले मजा येईन. खेड्याच्या रस्त्याले खालून इंजिनाचं चेंबर घासन, आन बसनाऱ्याची कंबर बोलन."

"त्याले माहीत हाय," मी म्हटलं.

"हाव, तो बी हेच म्हनला."

गाडी वर चढवायची म्हणून भावाला उतरवावं लागलं. मिस्त्रीने आणि मी त्याला उचलून खुर्चीत ठेवलं. तो सावलीत बसून काम पाहत राहिला. पुढचे शॉकअप निघाले, जुन्या स्प्रिंगा निघाल्या, नव्या बसल्या. दुपार कलेपर्यंत गाडी खाली आली. चाकाच्या वरची मोठी फट बुजली होती आणि आमची ती डब्यासारखी गाडी एकाएकी वेगळी दिसायला लागली. भाऊ म्हणाला, "बरी दिसते."

अकोल्याहून अमरावतीचा हायवे आता चांगला झाला आहे. मूर्तिजापूर कधी आलं ते कळलं नाही. गाडी रस्त्याला धरून चालत होती, वळणावर कलत नव्हती. भावाने खिडकी उघडी ठेवली होती. तो दिवस मला चांगला आठवतो, कारण तसा दुसरा आला नाही.

घरी आल्यावर त्याने कोणालाही हात लावू दिला नाही. आधीच करून ठेवलेली फळी खुर्चीत टेकवली, सीटच्या काठावर टेकवली, एक हात दाराच्या वरच्या दांडीला, एक फळीवर. थोडा सरकला, थांबला, पुन्हा सरकला. आणि खुर्चीत येऊन बसला. खूप घामाघूम झाला होता. आई दारात उभी होती. तिने आत जाऊन चहा ठेवला.

मग रोज संध्याकाळी त्याचा सराव सुरू झाला. गाडीत जायचं, बाहेर यायचं. पहिल्या काही आठवड्यांत ते जमत गेलं. नंतर तो फळीच्या मध्यावर थांबायला लागला. म्हणाला, फळी खरखरीत आहे. मी ती घासून आणली, पॉलिश करून आणली. मग त्याने टाल्कम पावडर टाकायला सांगितलं. पावडर टाकली. एके दिवशी तो मध्यावर थांबला तो थांबलाच, आणि शेवटी मी काही न विचारता त्याच्या काखेत हात घातले. "आज ऊन लय होतं," तो म्हणाला. मी हो म्हटलं. अमरावतीला ऊन रोजच असतं.

लग्नाला जाऊ नये असं आईला वाटत होतं. पण त्याला नको म्हणायला तिची जीभ रेटली नाही.

अंजनगाव, अकोट करत आम्ही निघालो. तिकडची जमीन काळी, पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरचा डांबरी रस्ता कधीच सपाट राहत नाही, लाटांसारखा वरखाली होतो. पूर्वीच्या उंच गाडीत आम्ही त्या लाटांवरून डुलत जायचो. आता प्रत्येक लाट अंगात उतरत होती. गावागावांतल्या ब्रेकरवर मी गाडी तिरपी करून चढवायचो, तरी खालून खर्रकन आवाज यायचा. भाऊ प्रत्येक आवाजाला म्हणायचा, "काही नाई, चाल." अकोट सोडल्यावर त्याने ते म्हणणं बंद केलं. मी बाजूला पाहिलं तर त्याची मान प्रत्येक झटक्याला हलत होती, आणि ती जागेवर आणायला त्याला वेळ लागत होता. मानेतला जोरही कमी झालाय, हे मला त्या रस्त्यावर कळलं. त्याला बहुतेक आधीच कळलं होतं.

आई मागच्या सीटवर होती. ती पुढे सरकली आणि तिने दोन्ही हातांनी मागून त्याचं डोकं धरलं. हिवरखेड येईपर्यंत तिने हात काढले नाहीत.

मंडपाजवळ मी गाडी थोडी आडोशाला लावली. त्याने फळी मागितली. मी ती टेकवली, खुर्ची जवळ घेतली, ब्रेक लावला. त्याने दांडी धरली. तो एक वीतभर सरकला असेल, आणि तिथे अडकला. मागेही जाता येईना, पुढेही. तेवढ्यात मामा आला.

"कायले तरास घेतं बाबू? आमी हावो ना," मामा म्हणाला, आणि त्याने मंडपातल्या दोघांना हाक मारली.

"थांबा मामा," भाऊ म्हणाला. "होते."

मामा थांबला. ते दोघं येऊन उभे राहिले. मंडपातून काही बाया पाहत होत्या. आम्ही सगळे उभे होतो आणि तो फळीवर बसून होता, डोळे खाली, कपाळावर घाम. मग तो अगदी साध्या आवाजात म्हणाला, "घ्या." त्यांनी त्याला उचललं.

लग्नात तो नीट वागला. नवरीला आशीर्वाद दिला, फोटोला बसला, पत्रिकेचं कौतुक करणाऱ्यांशी बोलला. वांग्याची भाजी आणि पुरी आईने भरवली, कारण गर्दीत हात उचलताना सांडेल असं तो म्हणाला. परतताना मामाने दोन उशा दिल्या. त्या मानेच्या दोन्ही बाजूंना लावून आम्ही आलो.

दुसऱ्या दिवशी मी त्याला विचारलं, "जुन्या स्प्रिंगा बसवून आणू का?"

"काहून?"

"झटके कमी लागतीन."

"आपन चुकीची नाई निवडली दादा," तो म्हणाला. "बरोबरच निवडली होती. फक्त मी तवाचा राहिलो नाई."

खरंच ती निवड बरोबर होती. फळी बरोबर होती, उंची बरोबर होती. पुन्हा बसून विचार केला तरी मी तेच घेतलं असतं, आणि तेव्हाही ते असंच संपलं असतं.

स्प्रिंगा मी बदलल्या नाहीत. त्याने नको म्हटलं, आणि नंतर त्याचं गाडीत बसणंच बंद झालं. दवाखान्यात न्यायचं तर आता आडवं न्यावं लागतं, त्यासाठी रुग्णवाहिका बोलावतो. गाडी मीच गोदामात घेऊन जातो. पेट्रोल पंपावर एखादा तरुण मुलगा गाडीभोवती फिरून विचारतो, "भाऊ, कुठून केली खाली? मस्त बसली." मी अकोल्याच्या मिस्त्रीचा पत्ता सांगतो.

त्याचं डिझाइनचं काम पावसाळ्यात थांबलं. आता तो पलंग शोधतो आहे, दवाखान्यातल्यासारखा, डोक्याकडून आणि पायाकडून वर होणारा. हाताने फिरवायच्या हँडलचा चांगला की मोटरचा, लाइट गेली तर मोटरच्या पलंगाचं काय होतं, गादी फोमची घ्यावी की हवेची, असं सगळं. मोबाइल त्याला धरता येत नाही, म्हणून संध्याकाळी मी त्याच्या डोळ्यांसमोर धरतो आणि तो सांगेल तसं वर सरकवतो. पलंग घेतलेल्या प्रत्येक माणसाने लिहिलेलं तो पूर्ण वाचतो. मी मधेच पुढे सरकवलं तर म्हणतो, "थांब, वाचू दे." मी थांबतो. हात भरून येतो, मग दुसऱ्या हातात घेतो.