आबांनी दुरुस्त केलेला पुरावा

आधी फसवणूक सांगतो, मग माणूस. आमच्या भागातल्या एका शाळेत मुलींना वाटायला चाळीस सायकली आल्या. त्या पुरवणाऱ्या ठेकेदाराने मुलींना फसवलं. वरून नवा रंग, आतून भंगार. तपासणीला आलेल्या साहेबांनी मात्र ‘सर्व सायकली सुस्थितीत’ असं लिहून दिलं, आणि साहेब खोटं बोलले असं मला म्हणता येत नाही, हीच माझी पंचाईत आहे. त्या दिवशी सायकली खरोखरच सुस्थितीत होत्या. त्या तशा करणारा माणूस, आमचे सोपानआबा, दीड महिन्यापूर्वी गेला.

सुमनकाकींचा, म्हणजे आबांच्या बायकोचा फोन आला तेव्हा मी बारामतीच्या माझ्या सायकलच्या दुकानात एका गिऱ्हाइकाशी तावातावाने घासाघीस करत होतो. काकी एवढंच म्हणाल्या, “आबा गेलं रे…” मी फोन ठेवला आणि गिऱ्हाइकाला म्हणालो, तू म्हणशील त्या भावात घेऊन जा. असं मी आयुष्यात एकदाच केलं. आबांशी मी त्याआधी पाच महिने बोललो नव्हतो.

आबांची ओळख झाली तेव्हा माझं दुकान नव्हतं. पळसदेवहून वांगी आणि मेथी सायकलला बांधायची आणि लोणी देवकरला कारखान्यांच्या गेटवर पाळी सुटायच्या वेळेला उभं राहायचं, हा माझा धंदा. उन्हाळ्याचे दिवस होते, धरणाचं पाणी उतरून जुन्या देवळाचं शिखर उघडं पडलं होतं. फाट्यावर आलो आणि पायडल नुसतं गरागरा फिरायला लागलं, चाक जागेवर. लिंबाखाली पोतं अंथरून एक माणूस बसला होता. पुढ्यात पक्कड, दोन पाने, तारांची भेंडोळी आणि शेतातून आणलेल्या ठिबकच्या जुन्या काळ्या नळ्या. त्यांनी मागचं चाक उचललं, पान्याचं एक टोक चाकाच्या आसावर टेकवलं, दुसरं दातात धरलं, डोळे मिटले आणि चाक फिरवलं. मला वाटलं, येडा दिसतोय. मग कळलं, ते ऐकत होते. कानांनी नव्हे, दातांनी.

“फ्रीव्हीलच्या आतलं खटकं गेलं,” ते म्हणाले. “नवं लागंल.”

“नवं कुठं मिळंल?”

“इंदापुरात. तवर तुजी मेथी माना टाकंल.” मग तार घेऊन त्यांनी ते फ्रीव्हील, म्हणजे मागचं दातेरी चाक, आऱ्यांनाच आवळून बांधलं. “आता पायडल थांबवायचं न्हाय. थांबवलंस तर सायकल तुला फेकंल. तात्पुरतं हाय बरं का.”

मी लोणी देवकरपर्यंत पाय न थांबवता गेलो, उतारावरसुद्धा. मेथी विकली. ते ‘तात्पुरतं’ पुढे अख्खा हंगाम टिकलं. आबांचं सगळंच तात्पुरतं असायचं आणि सगळंच टिकायचं. बाभळीच्या काट्यांनी ट्यूबची चाळण झाली की ते टायरमध्ये ठिबकच्या नळीची वेटोळी भरायचे. हवा नको, पंक्चर नाही. बसणाऱ्याचे दात खुळखुळायचे, पण दूधवाले पणदऱ्यापासून तसल्या टायरसाठी यायचे. पायडलची पिन झिजली की बाभळीच्या लाकडाची तासून ठोकायचे. मी पुण्याहून सुटे भाग आणायला लागलो तेही त्यांच्याच सांगण्यावरून. “तुला बोलता येतं, मला बसता येतं,” ते म्हणाले होते, “तू आण, मी बसवतो.” मी आणले, दुकान थाटलं, वाढवलं. आणि माझ्याकडून सगळ्यात कमी माल कोणी घेतला असेल तर तो आबांनी! मी चिडून म्हणायचो, “आबा, तुमच्यासारखी अजून दोन माणसं तालुक्यात असती तर मला पुन्हा मेथी विकावी लागली असती.” ते म्हणायचे, “मग ताजी आणत जा. मागं शिळी आणायचास.”

तर त्या चाळीस सायकली. पुरवठ्यासाठी मीही भाव दिला होता. मला काम मिळालं नाही, ते मी गिळलं. गावाकडे राहणाऱ्या माझ्या थोरल्या भावाच्या मुलीला, प्राजक्ताला, त्यातली चौदा नंबरची सायकल मिळाली. नंबर शाळेनेच मडगार्डवर रंगवले होते. तीन आठवड्यांत ती कालव्याच्या पुलावर पडली. जोर लावला आणि फ्रीव्हील आतून सुटलं, हनुवटीला टाके पडले. मी सायकल पाहिली. ब्रेकचे रबर नखाने तुटत होते. दुसऱ्या मुलींच्या सायकली पाहिल्या, तोच प्रकार. मी अर्ज केला, फेऱ्या मारल्या, टेबलांवर हात आपटले. शेवटी तपासणी लागली.

तपासणीला मी तोऱ्यात गेलो. शाळेच्या मैदानात चाळीस सायकली ओळीने उभ्या होत्या. साहेबांनी एकेक चाक फिरवायला लावलं. फिरलं. ब्रेक दाबला, लागला. चौदा नंबरवर प्राजक्ताच बसून मैदानाला फेरी मारून आली. साहेब माझ्याकडे बघून हसले. “काम तुम्हाला मिळालं नाही म्हणून होय हो एवढं?” सगळे हसले. मी वाकून ब्रेक पाहिला. काळाकभिन्न, ट्रॅक्टरच्या टायरमधून कापलेला रबर. असा रबर तालुक्यात एकच माणूस कापतो. चार महिन्यांच्या नव्या सायकलीला ट्रॅक्टरचा रबर का, हे साहेबांनी विचारलं नाही. त्यांनी फक्त चाक फिरतं का ते पाहिलं.

मी तडक फाट्यावर गेलो. आबा घरापुढच्या लिंबाखाली छत्रीची तार वळवत बसले होते. फ्रीव्हीलच्या आतल्या स्प्रिंगा ते छत्रीच्या तारेच्या करायचे, केसाइतक्या नेमक्या.

“कुणी सांगितलं होतं तुम्हाला?” मी ओरडलो.

“पोरींनी.”

“मला खोटं पाडलंत चारचौघांत!”

“तुजा कागद फिरून येस्तवर परीक्षा हून जाईल. पोरी तवर कशावर जातील? आठ-आठ किलोमीटर?”

“ठेकेदाराने काय दिलं तुम्हाला?” हे मी बोललो. आबांनी तार खाली ठेवली. “थांब. आत चल, एक बघून जा,” ते म्हणाले. मी थांबलो नाही. पाठीमागून त्यांनी पुन्हा हाक मारली, “बघून तर जा रं!” मी गाडी सुरू केली. त्यांचा आवाज मी ऐकला तो शेवटचा.

तेराव्यानंतर काकींचा पुन्हा फोन आला. “तुजं कायतरी हाय हितं. घिऊन जा. मला त्यावर पाय लागतो.” तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा होता, दोघांनी उचलावा लागला इतका जड. झाकण काढलं. आत ठेकेदाराचा माल. फुटलेले खटके, वाकलेले पायडलचे दांडे, नखाने तुटणारे ब्रेकचे रबर. एकेका सायकलीचे तुकडे वेगळे करून तारेत ओवलेले, आणि प्रत्येक तारेला ठिबकच्या नळीचा एक तुकडा, त्यावर खिळ्याने कोरलेला आकडा. आबांना लिहिता येत होतं ते एवढंच, आकडे. एक ते चाळीस. एकही सुटलेला नाही.

“तपासणीच्या आदी पंधरा दिस ह्येच करत बसलं व्हतं,” काकी म्हणाल्या. “म्हनायचं, सायकल पोरीला, भंगार त्याला, म्हंजी तुला. भांडायला लागंल त्याला.”

मी व्यापारी माणूस. समोरच्याच्या हातात काय आहे हे ओळखण्यावर माझं पोट भरलं. आणि वीस वर्षं ज्याच्या शेजारी बसलो, त्या माणसाने माझ्यासाठी काय धरून ठेवलंय हे मला ओळखता आलं नाही. चाळीस मुलींची शाळा त्याने बुडू दिली नाही, आणि माझा पुरावाही. दोन्ही एकाच पोत्यावर बसून, पक्कड आणि छत्रीच्या तारेने. हे कसं जमतं, मला अजून उमगत नाही. त्यांच्या त्या शेवटच्या हाकेचं उत्तर मी देणं लागतो. ते मी माझ्यापाशी देईन.

बाकीचं उत्तर दुसऱ्यांनी द्यायचं आहे. डबा माझ्या दुकानात, गल्ल्याशेजारी ठेवलाय. आबांचा पानाही काकींनी दिला, त्याच्या टोकाला दातांच्या खुणा आहेत. सायकली पुरवणाऱ्याने आणि सही करणाऱ्या साहेबांनी यावं. चौदा नंबरची तार मी सोडून देतो. त्यातलं फ्रीव्हील दोघांनी हातात धरून फिरवावं, आणि चालतंय असं माझ्यादेखत, प्राजक्ताच्या हनुवटीकडे बघून सांगावं. दुकान रोज उघडं असतं. या!